कुंडीला गुण देऊ नका

वालाचा दाणा ओल्या कापसात रुजवून त्याच्या रोपाची रोजची उंची वहीत मांडण्याचा प्रयोग तुमच्यापैकी बहुतेकांनी केला असेल. मीही केला होता. सहावीत असताना कार्यानुभवाच्या तासाला दहा दिवसांचा तक्ता करून आणायला सांगितले होते. माझा दाणा चौथ्या दिवशी कुजला. आजी म्हणाली, "कुजला तर कुजला म्हणून लिही की!" पण वहीत दहा रकाने आखून झाले होते, आणि गुणही दहाच होते. मी शेजारच्या बाकावरील मैत्रिणीचे आकडे घेतले, कुठे दोन मिलिमीटर वाढवले, कुठे एक कमी केला आणि तक्ता पुरा केला. मला दहापैकी नऊ गुण मिळाले. जिचे रोप खरोखर वाढले होते त्या मैत्रिणीला सात मिळाले, कारण तिचे अक्षर वाईट होते.

पुढे मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले आणि आता गेली अठरा वर्षे महाविद्यालयात शिकवते आहे. आमच्या प्रयोगशाळेत साध्या लंबकावरून गुरुत्वत्वरण काढायचा प्रयोग असतो. पंखा चालू असतो, दोरा पिळलेला असतो, विसाऐवजी एकोणीस आंदोलने मोजली जातात, आणि तरीही जर्नलात प्रत्येकाचे उत्तर ९८० किंवा ९८१ सेंटिमीटर दर सेकंदाला दर सेकंद! उत्तर पुस्तकात छापलेले असते, मग ते न येऊन कसे चालेल? लाल शाईचे पेन हातात घेतले की मला माझा वालाचा तक्ता आठवतो आणि रागावणे जमत नाही.

हे सांगण्याचे कारण असे, की घरी झाडे लावण्याच्या छंदाविषयी माझे एक मत आहे आणि ते माझ्या काही शिक्षक-मित्रांना पटत नाही. मत असे : हा छंद प्रत्येक विद्यार्थ्याने निदान दोन-तीन वर्षे करून पाहावा, आणि त्याला कोणीही, कधीही गुण देऊ नयेत.

छंदाचे फायदे म्हणून सामान्यतः जे सांगितले जाते ते थोडे बाजूला ठेवू. चार कुंड्यांनी घरातील हवा शुद्ध होते असे कोणी म्हटले, तर त्यावर फारसा विश्वास ठेवू नका. खिडकी उघडली की त्याहून कितीतरी अधिक हवा बदलते. भाजीचा खर्च वाचतो हेही गॅलरीत खरे ठरत नाही. लाल माती, शेणखत आणि कुंड्या यांचा हिशेब मी एक वर्ष ठेवला होता. त्या वर्षीचा टोमॅटो मला किती रुपयांना पडला, ते घरात अजून कोणाला सांगितलेले नाही. मग मिळते काय? ते सांगण्यासाठी थोडे घरचे सांगावे लागेल.

मी वसईची. माझ्या लहानपणी आमच्या पत्त्यात 'जिल्हा ठाणे' असे. २००९ च्या जुलैत वसई-विरार महानगरपालिका झाली आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्हा. आमच्याकडे 'बाग' हा शब्द फारसा ऐकू येत नसे. जी होती ती 'वाडी'. नारळ, केळी, पानवेल, मोगरा, तगर, सोनचाफा आणि पाटाच्या कडेने अळू. फुलांच्या टोपल्या पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात जात. आगाशीच्या बाजूला राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून सुकेळी करीत. वाडीत विहीर असे आणि जवळपास एखादे बावखल, म्हणजे पाणी साठवण्यासाठी खणलेला मोठा, तळ्यासारखा खड्डा. आमची वाडी अठरा गुंठ्यांची होती. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना ती विकली गेली. अशा गोष्टी वसईत घरोघर झाल्या आहेत, तेव्हा तिची कथा लांबवत नाही. आज त्या जागी चार मजल्यांच्या दोन इमारती उभ्या आहेत, आणि मी तेथून दोन किलोमीटरवर तिसऱ्या मजल्यावर राहते. गॅलरी दक्षिणेला आहे. लांबी दहा फूट, रुंदी चार फूट.

वाडीत वाढलेल्या मुलीला कुंडी ती काय अवघड, असे मला वाटले. पहिल्या वर्षात नऊ रोपे मेली.

त्यांतील सात मी पाणी घालून मारली. वाडीत आजोबा आळे भरून पाणी सोडत, मीही कुंडी भरून सोडत असे. पाने पिवळी पडली की तहान लागली समजून आणखी एक तांब्या! मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो, हे तुम्ही शिकला आहात. मातीच्या कणांमधील पोकळीत हवा असेल तर तो तेथवर सहज पोचतो. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ऑक्सिजनचा प्रसार सुमारे दहा हजार पटींनी मंदावतो. माझी रोपे पाण्यात गुदमरत होती.

पण वाडीत ती का गुदमरत नव्हती? आता असे करा. अंघोळीचा किंवा गाडी धुण्याचा आयताकृती स्पंज घ्या. तो पाण्यात पूर्ण भिजवा आणि तळहातांवर आडवा धरा. थोडे पाणी ठिबकेल आणि थांबेल. ठिबकणे पूर्ण थांबल्यावर तोच स्पंज न दाबता उभा करा. पुन्हा पाणी पडू लागेल! स्पंज तोच, छिद्रे तीच. मग हे पाणी आधी का पडले नाही? सच्छिद्र पदार्थाच्या तळाशी केशाकर्षणामुळे ठरावीक उंचीचा पाण्याचा थर अडकून राहतो. स्पंज आडवा असताना त्याची जवळजवळ सगळी उंची त्या थरातच जाते. उभा केला की थर तेवढाच राहतो आणि वरचा भाग मोकळा होतो. वाडीतील माती हा उभा, फार खोल स्पंज होता. माझ्या कुंड्या म्हणजे आडवा स्पंज.

यातून आणखी एक गोष्ट निघते. कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे आणि खडी यांचा जाड थर दिला की पाण्याचा निचरा चांगला होतो, असे बागेवरील पुस्तकांत आढळते. वरील विचार बरोबर असेल तर त्या थराने मातीची उंची कमी होऊन काम बिघडायला हवे, कारण ओला थर खडीच्या वर जाऊन बसेल. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एक खापरी पुरे. माझ्यावर विश्वास ठेवू नका; दोन सारख्या कुंड्या घ्या, एकीत खडी घाला, दुसरीत घालू नका, आणि महिनाभर पाहा.

मला या साऱ्यात लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. केशनलिकेत पाणी किती चढते याचे सूत्र मी तोवर कित्येक वर्षे फळ्यावर सिद्ध करीत होते. मला ते पाठ होते, माहीत मात्र नव्हते. ते माहीत व्हायला सात रोपे मरावी लागली. पुस्तकातील उत्तर बदलून लिहिता येते, पण मेलेल्या तुळशीसमोर कोणते उत्तर जुळवणार?

सूर्याचेही तसेच झाले. आमच्या वाडीतील एक मोगरा माझ्याकडे आहे. त्याच्याविषयी पुढे सांगते. तो दोन वर्षे दक्षिणेच्या गॅलरीत होता. पाने हिरवीगार, कळी एक नाही. मोगऱ्याचा बहर उन्हाळ्यात, आणि त्याला ऊन भरपूर लागते. दक्षिणेला ऊन चांगले, हे तर सर्वांनाच ठाऊक! पण वसईचे अक्षांश सुमारे १९.४ अंश उत्तर. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर असतो, म्हणून ऊन गॅलरी ओलांडून खोलीत शिरते. मग तो दिवसेंदिवस वर चढतो, १७ मेच्या आसपास मध्यान्ही नेमका डोक्यावर येतो (तो आपला शून्य सावलीचा दिवस), आणि तेथून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीला उत्तरेकडे असतो. म्हणजे मोगऱ्याला ज्या दिवसांत ऊन हवे, त्याच दिवसांत माझी दक्षिणेची गॅलरी वरच्या मजल्याच्या सावलीत! मी कुंडी उचलून स्वयंपाकघराच्या उत्तरेकडील खिडकीच्या, बाहेर आलेल्या लोखंडी जाळीत ठेवली. दक्षिणायन-उत्तरायण मी शाळेत पाठ केले होते, पण ते माझ्या घरातून जाते हे मोगऱ्याने दाखवले. आता एप्रिलअखेर मोगरा उत्तरेला जातो. टोमॅटो, मेथी, मुळा आणि पालक यांचा दक्षिणेच्या गॅलरीतील हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. तुमच्या गॅलरीचे तोंड कोणीकडे आहे? होकायंत्र नसेल तर आधी तेवढे तरी शोधून काढा.

घरात तराजू असेल तर आणखी एक मौज आहे. इंग्लंडमधील टेडिंग्टन गावाचे धर्मगुरू स्टीफन हेल्स यांनी १७२४ सालच्या उन्हाळ्यात कुंडीतील एक सूर्यफूल पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ तोलले. मातीतून वाफ निघून जाऊ नये म्हणून त्यांनी कुंडीचे तोंड शिशाच्या पातळ पत्र्याने बंद केले होते. दिवसभरात ते झाड सरासरी सव्वा पौंड, म्हणजे साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास पाणी पानांवाटे सोडते, असे त्यांना आढळले. १७२७ साली त्यांनी हे सारे पुस्तकात छापले. शिशाचा पत्रा आपल्याला नको, प्लॅस्टिकची पिशवी खोडाभोवती बांधली की झाले. माझ्या टोमॅटोने डिसेंबरातील एका स्वच्छ दिवशी ३४० ग्रॅम पाणी सोडले, आणि ढगाळ दिवशी १५०. मुळे जे पाणी शोषतात त्यातील शंभरातले दोन-तीन भागच झाड स्वतःजवळ ठेवते, हे वाक्य वाचून पुढे जाणे सोपे असते. तराजूच्या काट्यावर ते पाहिले की आपण जागेवर थांबतो.

मोजण्याची गोडी लागली की माणूस कोठे जाऊन पोचेल ते सांगता येत नाही. एका रविवारी मी माझ्या कुंडीचा ऊर्जेचा हिशेब मांडला. तो येथे देते. तुम्ही तपासून पाहा. आपल्या भागात उघड्या सपाट जमिनीवर वर्षाच्या सरासरीने एका चौरस मीटरला दिवसाला साधारण ५ युनिट, म्हणजे ५ किलोवॉट-तास सौर ऊर्जा मिळते. कुंडीचे तोंड एक चौरस फूट, म्हणजे मीटरच्या हिशेबात ०.०९ च्या आसपास. शिवाय गॅलरीत आकाशाचा मोठा भाग झाकलेला. उघड्यावरील ऊर्जेचा चौथा हिस्सा आत येतो असे धरू. येते सुमारे ०.१२ युनिट, म्हणजे जवळपास १०० किलोकॅलरी. चांगले पीक मिळालेल्या ऊर्जेपैकी शंभरातला एक भाग साठवते असे मानले, तर दिवसाला एक किलोकॅलरी. शंभर दिवसांच्या पिकात शंभर! त्यातही निम्मी मुळे, खोड आणि पाने यांत जाणार. म्हणजे शंभर दिवस पाणी घालून, मावा धुऊन, कबुतरे हाकलून एका कुंडीतून मिळाली अर्ध्या भाकरीची ऊर्जा.

हसू नका, खरी गोष्ट पुढेच आहे. हाच हिशेब उघड्या एका गुंठ्याला लावा. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. दिवसाला ५०० युनिट ऊन. त्याचा शंभरावा भाग ५ युनिट, म्हणजे ४३०० किलोकॅलरी. त्यातील खाण्याजोगे निम्मे धरले तर २१५०. एका माणसाला दिवसाला साधारण २००० लागतात. म्हणजे गुंठा बारा महिने हिरवा राहिला, पावसाळ्यातील ढग, कीड आणि उंदीर यांनी काही नेले नाही, तर एक गुंठा एका माणसाला पुरेल. प्रत्यक्षात हे कधीच साधत नाही, म्हणून खरा आकडा याच्या कितीतरी पट मोठा असतो. तरीही कागदावरचा तो आकडा पाहून मी पेन खाली ठेवले. आमची वाडी अठरा गुंठे होती, आणि आम्ही घरात जेवणारी अकरा माणसे.

वसईत एका गुंठ्याला आज किती लाख मिळतात, हे आठवीतील मुलगाही सांगतो. एक गुंठा काय करू शकतो, हे मला चाळिशीत एका कुंडीने सांगितले. वाडी विकताना आमच्या घरात कोणी असा हिशेब मांडला नव्हता. मांडला असता तर निर्णय बदलला असता असे मी म्हणत नाही. कर्ज होते, दोन आत्यांची लग्ने झाली होती. पण हातात काय आहे ते कळून विकणे आणि न कळता विकणे, यांत फरक असतो असे मला वाटते.

असा हिशेब मांडून तो लोकांच्या घराघरांत नेणारे एक गृहस्थ महाराष्ट्रात होऊन गेले. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. पानाच्या एका चौरस फुटाला किती ऊन मिळते आणि त्यातून किती वजन तयार होते, यापासून सुरुवात करून त्यांनी शेतकऱ्यांचा 'प्रयोग परिवार' उभा केला. शहरातील गच्चीवर पालापाचोळा व उसाची चिपाडे वापरून भाज्या-फळे कशी घ्यावीत, हेही सांगितले. 'प्लेंटी फॉर ऑल' हे त्यांचे पुस्तक तुमच्या शिक्षकांनी अवश्य मिळवून वाचावे. त्यांचे आकडे माझ्या आकड्यांपेक्षा बरेच आशावादी आहेत. कोण बरोबर, हे ठरवायला तुम्हाला एक कुंडी, एक तराजू आणि एक हिवाळा पुरेल.

कुंडी आपल्याला घराबाहेरही नेते. तिसऱ्या वर्षी मोगऱ्याच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी होऊ लागल्या आणि कुंडीच्या काठावर पांढरी पुटे चढली. पाणी आमच्या इमारतीच्या बोअरचे. मी दोन स्टीलच्या ताटल्या घेतल्या, एकीत बोअरचे पाणी आणि दुसरीत साठवलेले पावसाचे पाणी घालून दोन्ही उन्हात ठेवल्या. संध्याकाळी पहिलीत पांढरा थर होता, दुसरी जवळजवळ स्वच्छ. झाड पाणी उडवून देते, क्षार मागे राहतात. रोज थोडे थोडे साचत जातात, आणि शेवटी मातीतील पाणी इतके खारट होते की मुळांना ते ओढून घेणेच जड जाते.

हे मीठ आले कोठून? वसईचा नकाशा पाहा. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा. किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण खारे पाणी जड. गोड्याची घनता १ धरली तर समुद्राच्या पाण्याची १.०२५. फरक ०.०२५, आणि १ भागिले ०.०२५ म्हणजे ४०. यावरून असे निघते, की समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर त्याखाली सुमारे ४० मीटर गोडे पाणी तरंगत असते. आणि उपसा करून ती एक मीटरची पातळी अर्ध्यावर आणली, तर खालून खारे पाणी कालांतराने वीस मीटर वर चढते! आर्किमिडीजचा तोच नियम, जो तुम्ही लाकडी ठोकळ्यावर सोडवता. बावखलांत साठणारे पावसाचे पाणी जमिनीत मुरून ही वरची पातळी टिकवायला हातभार लावत असे. मग वसईत बावखले बुजवणे आणि टँकरने पाणी उपसणे यांविरुद्ध लोक का उठले, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखे लेखक आणि धर्मगुरू हरित वसईच्या चळवळीत का उतरले, हे नीट समजते. त्या काळात मी लहान होते. मोठ्यांच्या सभा होत, आम्ही मागे खेळत असू. त्यातील पदार्थविज्ञान मला पानांच्या भाजलेल्या कडांवरून कळले.

मोगऱ्यावर उपाय सोपा निघाला. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत कुंडी इमारतीच्या गच्चीवर ठेवली आणि दोन दिवस भिजू दिली. पावसाचे पाणी सूर्याने ऊर्ध्वपातन केलेले असते. क्षार धुऊन गेले.

आता माझ्या शिक्षक-मित्रांच्या आक्षेपाकडे येते. ते म्हणतात, "बाई, तुम्ही सांगता ते सारे उत्तम. मग हाच प्रकल्प करू, वीस गुणांचा. गुण नसतील तर मुले करणार नाहीत." चाळीसपैकी चारच करतील, हे मला मान्य आहे. क्रिकेटला तरी कोठे गुण असतात? पण वीस गुण लावलेत तर चाळीस वह्या येतील, प्रत्येकीत रोप सुरेख वाढलेले असेल, आणि निम्म्या घरांत कुंडीच नसेल. मी सहावीत हेच केले होते आणि मी काही वाईट मुलगी नव्हते. बागेत रोपे मरतात. मरणे हाच तेथील सर्वांत मोलाचा आकडा असतो, आणि गुण लावले की नेमका तोच पहिल्यांदा नाहीसा होतो.

या मोहातून फार मोठी माणसेही सुटली की नाही, कोण जाणे. ग्रेगोर मेंडेल यांनी ब्रनो येथील मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याची सुमारे २८,००० झाडे वाढवली, आणि त्यांतून आनुवंशिकतेचे नियम निघाले. (हे मेंडेल शाळेत भौतिकशास्त्र शिकवीत, आणि शिक्षकाच्या परीक्षेत दोनदा नापास झाले होते. हे लक्षात असू द्या.) १९३६ साली संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी दाखवून दिले, की मेंडेल यांचे आकडे योगायोगाने जुळावेत त्याहून जरा जास्तच चांगले जुळतात. एखाद्या मदतनिसाने अपेक्षित उत्तर जाणून आकडे सांभाळून घेतले असावेत, अशी फिशर यांची शंका होती. त्यावर वर्षानुवर्षे वाद झाला आणि पुढे अनेकांनी मेंडेल यांची बाजू घेतली. नियम खरे आहेत, यात शंका नाही. पण तो मदतनीस असलाच, तर त्याला मी ओळखते असे मला वाटते.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती एवढीच, की वर्गाच्या खिडकीत कुंड्या ठेवा, शेजारी दोरीने एक वही टांगा आणि ती तपासू नका. महिन्यातून एकदा ज्याचे रोप मेले असेल त्याला पाच मिनिटे बोलायला सांगा. आणि विद्यार्थी मित्रांनो, शाळेची वाट पाहू नका. मेथीचे दाणे स्वयंपाकघरात असतात. हिवाळ्याच्या तोंडाला पसरट डब्याला तळाशी भोके पाडून पेरा; आठवडाभरात रुजतील, महिन्याभरात खुडता येतील. पसरट डबा म्हणजे आडवा स्पंज, हे मात्र विसरू नका. बोट मातीत एक पेर खुपसून पाहा आणि कोरडे लागले तरच पाणी घाला. रोज काय घातले, काय दिसले, ते वहीत लिहा. ही वही तुमच्याशिवाय कोणी पाहणार नाही.

मोगऱ्याविषयी सांगायचे राहिले. वाडी द्यायची ठरली त्या पावसाळ्यात आजीने मोगऱ्याची एक फांदी वाकवून मातीत दाबली, वर वीट ठेवली. मुळे फुटल्यावर ते दाब कलम कापून तिने डालडाच्या रिकाम्या डब्यात लावले. कलमाने केलेले झाड हे मूळ झाडाचे मूल नसते; पेशीपेशीतील आनुवंशिक द्रव्य तेच, म्हणजे झाड तेच. इमारतींखाली गेलेला मोगरा माझ्या स्वयंपाकघराच्या जाळीत उभा आहे, हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. आजी आता नाही. कळ्या मात्र तिने शिकवल्याप्रमाणे पहाटेच, मिटलेल्या असतानाच खुडते. संध्याकाळी त्या ताटलीत आपोआप उमलतात. खुडताना मोजते आणि वहीत लिहिते. यंदाच्या उन्हाळ्यातील एक पान समोर आहे.

२६ मे : ३१ कळ्या. २७ मे : २४. २८ मे : २७, दोन किडक्या. २९ मे : मोजायला विसरले.